दिल्लीतली पाच वर्षं

१९८८च्या जानेवारीतली गोष्ट. सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, बाहेरच्या खोलीत हीटरची लाल कांडी पेटलेली आणि तिच्याभोवती रजया गुंडाळून दोन बिऱ्हाडं बसलेली. शेजाऱ्यांचा टीव्ही बंद पडला होता म्हणून तेही आमच्याकडे आले होते. दूरदर्शनवर गोविंद निहलानींची 'तमस' लागली. शीर्षकं सुरू झाली, एक आर्त हाक उठली, आणि शेजारचे आजोबा काही न बोलता उठून आपल्या घरी निघून गेले. फाळणीत ते रावळपिंडीहून आलेले. गोष्ट अजून सुरूही झाली नव्हती. त्यांना सोसला नाही तो नुसता सूर.

मी तेव्हा अकरावीत होते. आमच्या घरी संगीत म्हणजे भीमसेनजींचे अभंग आणि सुट्टीत पुण्याहून आणलेल्या नाट्यगीतांच्या कॅसेटी. सिनेमातलं संगीत म्हणजे गाणी. दोन गाण्यांच्या मधे जे वाजतं तेही कुणीतरी बसून, विचार करून लिहिलेलं असतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या भागाला मी वही घेऊन बसले आणि नाव टिपून ठेवलं: वनराज भाटिया. नाव आधी ऐकलेलं नव्हतं, तेव्हा हा कुणी तरुण, नवा संगीतकार असणार असं मी ठरवूनच टाकलं. शाळेत मैत्रिणींना सांगत सुटले, एक नवा माणूस आलाय, बघा हा किती पुढे जातो ते.

भाटियांचा जन्म ३१ मे १९२७चा. माझा 'नवा माणूस' तेव्हा साठीत होता.

चूक कळायला फार दिवस लागले नाहीत, पण तिच्यातून निघालेला प्रश्न मला पुढे कितीतरी वर्षं पुरला. हा माणूस खरोखर तरुण होता, होतकरू होता, तेव्हा कुठे होता? कुणाला तो दिसला होता? शोधता शोधता कळलं की १९६० ते १९६५ ही पाच वर्षं ते दिल्लीतच होते. दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे रीडर म्हणून.

आधी त्यांच्या तयारीविषयी सांगायला हवं, कारण अशी तयारी करून आलेला दुसरा माणूस हिंदी सिनेमात मला सापडलेला नाही. मुंबईतलं कच्छी घर, न्यू एरा शाळा. हिंदुस्थानी संगीताचे धडे देवधर मास्तरांच्या संगीतशाळेत, म्हणजे जिथे कुमार गंधर्व घडले तिथे. किशोरवयात चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्तो कानावर पडला आणि मुलाची दिशाच बदलली. डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षं पियानो. १९४९ला एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीची एम.ए., आणि मग थेट लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक. तिथे हॉवर्ड फर्ग्युसन, अ‍ॅलन बुश आणि विल्यम ऑल्विन यांच्याकडे रचनेचं शिक्षण. यातले ऑल्विन स्वतः सिनेमाचे मोठे संगीतकार, 'ऑड मॅन आउट'चं संगीत त्यांचंच. १९५४ला भाटिया सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे गेले. पाच वर्षं. बुलांजेबाईंच्या शिष्यांत कोपलंड, पियाझोला, मिशेल लग्राँ, क्विन्सी जोन्स. जगभरचे संगीतकार या बाईंकडे जाऊन स्वरलेखनाची कठोर तालीम घेत आणि आपापल्या देशी परतून आपापल्या मातीतलं लिहीत. भाटिया १९५९ला परतले.

एक मराठी अडचण इथेच सांगते. आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की गणेशोत्सवातला रंगमंच, निवेदक, आणि हुबेहूब किशोरकुमार गाणारा गायक डोळ्यांसमोर येतो. वाद्यवृंद म्हटलं तरी तेच. भाटिया जे शिकून आले ते वेगळं. त्यात चाळीस-पन्नास वादकांपैकी प्रत्येकाने कुठल्या क्षणी काय वाजवायचं ते आधी कागदावर उतरतं. व्हायोलिनचा एक गट वर जात असताना दुसऱ्याने कुठे थांबायचं, चेलोने खालून कुठला धागा धरायचा, ओबो कुठल्या श्वासाला आत येणार, हे सगळं संगीतकाराने तालमीआधी मनात ऐकलेलं असतं. मुंबईच्या सिनेमात हे काम बहुतेक करून अरेंजर करत. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार आणि गोव्याचा अरेंजर ती स्वरलिपीत मांडून वादकांना वाटून देणार. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही सगळी मंडळी या कागदांच्या मागे उभी होती. गोन्साल्विसही १९२७चेच, भाटियांच्याच वयाचे. त्यांनी १९५८मध्ये 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला, लताबाई आणि मन्ना डे यांना त्यात गायला लावलं. पुढे ते अमेरिकेला सिराक्यूज विद्यापीठात गेले. नंतर 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं आणि देशभर झालं. त्यांचं काम मात्र आजही किती थोड्यांना ठाऊक आहे!

भाटियांना अरेंजरची गरज नव्हती. चाल आणि कागद दोन्ही त्यांचीच.

आता १९६०ची दिल्ली डोळ्यांसमोर आणा. विद्यापीठात संगीत विद्याशाखा नुकतीच सुरू झालेली. संसद मार्गावरच्या आकाशवाणीत १९५२पासून राष्ट्रीय वाद्यवृंद, 'वाद्यवृंद' याच नावाने, चाललेला. त्याची सुरुवात रविशंकरांच्या हातून झाली. ते १९४९ ते १९५६ दिल्ली आकाशवाणीत नोकरीला होते, आणि याच नोकरीच्या काळात त्यांनी कलकत्त्याला जाऊन एका रात्रीत, जवळजवळ अकरा तासांच्या एका बैठकीत, 'पथेर पांचाली'चं संगीत ध्वनिमुद्रित केलं. रविशंकरांनंतर वाद्यवृंदाची धुरा पन्नालाल घोषांकडे आली. बासरी मैफलीत आणली ती त्यांनी, आणि सिनेमालाही त्यांनी संगीत दिलेलं होतं. १९६०मध्ये दिल्लीतच त्यांचं निधन झालं. मग १९६३मध्ये त्यांचे मेहुणे अनिल विश्वास मुंबईचा सगळा पसारा आवरून याच वाद्यवृंदाचे संचालक म्हणून दिल्लीला आले. 'किस्मत'चे अनिलदा, ज्यांना हिंदी सिनेसंगीतातले पुढचे कित्येक संगीतकार गुरुस्थानी मानत. ते अखेरपर्यंत दिल्लीतच राहिले.

हे सलग मांडलं की माझा जीव हळहळतो. सिनेमाला वाद्यांचे थर शिकवणारा ज्येष्ठ संगीतकार संसद मार्गावर, आणि सिनेमाला अजून न सापडलेला, बुलांजेबाईंकडे घडलेला तरुण संगीतकार दहा-बारा किलोमीटरवर, विद्यापीठाच्या आवारात. आकाशवाणीकडे वादक होते, पण तो वृंद प्रामुख्याने भारतीय वाद्यांचा, रागाच्या चौकटीत विचार करणारा. विद्यापीठाकडे वर्ग होता, फळा होता, विद्यार्थी होते. लिहिलेलं संगीत वाजवून बघायला चाळीस माणसं एका खोलीत बसवायची सोय नव्हती. चित्रकाराला रंग मिळू नयेत तसंच हे. माणूस शिकवू शकतो, पियानोसाठी लिहू शकतो, पण मोठ्या वृंदासाठी लिहिलेलं कानांनी ऐकल्याशिवाय त्याचा हात पुढे सरकत नाही. दिल्लीने त्यांना पद दिलं, मान दिला. वादक दिले नाहीत.

या गोष्टीचा दोष कुणा एका माणसाचा नाही असं मला वाटतं. त्या काळची दिल्ली शिकवण्याचं शहर होती. १९५९मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झालं, तीन वर्षांनी अल्काझी त्याचे संचालक झाले. तिथे शिकलेले नसिरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांना पडदा मिळाला तो मुंबईत, आणि नसिरुद्दीनना तर दिग्दर्शक श्याम बेनेगलांच्या हाती. इथे घडायचं आणि तिथे दिसायचं, हा शिरस्ताच पडून गेला होता.

भाटिया मुंबईत परतले आणि त्यांना काम दिलं जाहिरातींनी. पहिली जाहिरात 'शक्ती सिल्क साडी'ची. पुढे 'लिरिल', 'गार्डन वरेली', 'ड्युलक्स', आणि असं करत करत सात हजारांच्या वर जिंगल्स. पॅरिसहून शिकून आलेल्या माणसाला साबणाच्या जाहिराती कराव्या लागल्या म्हणून पूर्वी मला वाईट वाटायचं. आता वाटत नाही. सिनेमाची फीत सेकंदाला चोवीस चौकटी धावते, म्हणजे तीस सेकंदांच्या जाहिरातीत सातशे वीस चौकटी. मुलगी धबधब्याखाली आली त्या चौकटीला सूर उघडायचा, वस्तूचं नाव येताना तो बाजूला सरायचा, आणि सातशे विसाव्या चौकटीला सगळं मिटलेलं असायचं. हे दर आठवड्याला, निरनिराळ्या वाद्यांवर. आणि मुख्य म्हणजे समोर खरे वादक बसलेले, संध्याकाळपर्यंत आपलं लिहिलेलं कानांवर पडणार. दिल्लीत पाच वर्षांत जे मिळालं नाही ते इथे रोज मिळत होतं.

बेनेगलही जाहिरातींच्याच धंद्यातले. त्यांना हा माणूस कामातून माहीत झालेला होता. १९७४मध्ये त्यांनी पहिला कथापट केला, 'अंकुर', आणि संगीत भाटियांना दिलं. संगीतकार तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे. 'शोध लागला' असं आपण सहज म्हणून जातो. या बाबतीत शोध म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला सिनेमा दिला, पुढच्या वर्षी पुन्हा दिला, आणि देतच राहिला. 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'कलयुग', 'मंडी', 'त्रिकाल', 'सूरज का सातवाँ घोडा', 'सरदारी बेगम'. दोन दशकांहून लांब ही सोबत. तरुण संगीतकाराला एक संधी मिळणं अवघड खरं, पण दुसरी, पाचवी, दहावी मिळणं त्याहून अवघड, आणि हात बसतो तो त्यांतच.

'भूमिका' (१९७७) मराठी माणसाने मुद्दाम कान देऊन पाहावा. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो बेतलेला आहे. त्यात तीस-चाळीसच्या दशकांतल्या मुंबईच्या सिनेमाची गाणी नव्याने रचायची होती, अशी की ती त्या त्या सालची वाटावीत. पॅरिसला शिकलेल्या माणसाने इथे आपली विद्या पूर्ण मागे ठेवली. त्या काळचा पातळ वृंद, पेटी-तबल्याचं पुढे असणं, गाणारीच्या आवाजाभोवती मोकळी सोडलेली जागा, सगळं जसंच्या तसं उभं केलं. देवधर मास्तरांच्या शाळेतले दिवस मला त्यात ऐकू येतात. आणि गाणी संपून हंसाबाईंच्या आयुष्याचे तुकडे सुरू होतात तिथे संगीत बदलतं, काहीच न सांगता आपल्याला दुसऱ्या काळात आणून सोडतं.

'मंथन'विषयी (१९७६) सगळ्यांना ठाऊक आहे की गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला, आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. प्रीती सागरने गायलेलं त्याचं शीर्षकगीत पुढे दुधाच्या जाहिरातींतून घरोघरी पोचलं. पण माझ्या मते भाटियांची खरी करामत गाण्याबाहेर आहे. त्या चालीचा एखादाच तुकडा सिनेमात मधेच, कमी वाद्यांवर येऊन जातो. गाणं पुरतं ऐकायला मिळत नाही, त्याची आठवण तेवढी होते. स्मिता पाटीलच्या चेहऱ्यावर जे बोललं जात नाही त्याला एवढीच सोबत पुरते.

मग आलं १९८८, आणि माझ्या दृष्टीने इथे सगळे धागे दिल्लीतच येऊन मिळाले. 'तमस' भीष्म साहनींच्या कादंबरीवरची. साहनी रावळपिंडीचे. मॉस्कोतली अनुवादाची नोकरी संपवून ते १९६३मध्ये परतले आणि पुन्हा दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजात शिकवू लागले. म्हणजे भाटियांच्या दिल्लीतल्या शेवटच्या दोन वर्षांत कादंबरीकार आणि संगीतकार एकाच विद्यापीठात नोकरीला होते! 'तमस' अजून लिहिली गेली नव्हती, पार्श्वसंगीताचा तर कुणाला पत्ताही नव्हता. पाव शतकानंतर एकाचे शब्द आणि दुसऱ्याचा सूर आमच्या बाहेरच्या खोलीत एकत्र आले, आणि म्हातारे साहनी स्वतः त्यात हरनामसिंगच्या भूमिकेत चालताना दिसले. 'तमस'च्या संगीतासाठी भाटियांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला दूरदर्शनवर 'भारत एक खोज' ही मालिका सुरू झाली. ५३ भाग. शीर्षकाला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, त्याचा हिंदी अनुवाद आपल्या वसंत देवांचा. भाटियांनी त्याला दिलेलं संगीत हा माझ्या मते त्यांच्या आयुष्यभराच्या शिक्षणाचा निचोड आहे. पठण सुरू होतं ते वैदिक वळणाचं, थोड्याच स्वरांत फिरणारं, खालच्या आवाजाचं. मग त्यावर आवाजांचे थर चढत जातात, युरोपातल्या मोठ्या गायकवृंदाची रीत. दोन्ही परंपरांचं कलम कुठे बांधलंय ते सांगता येत नाही. आमचे वडील संस्कृतवाले. घरातलं कुणी बोललं की ते हात वर करून गप्प करत आणि शीर्षक संपेपर्यंत हात खाली घेत नसत.

पुढच्या वर्षी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ला पद्मश्री. २०१२मध्येच संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली आणि संगीतकाराचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का केला. भाटिया तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते. त्यांची बहुतेक कामगिरी त्याआधीची, एकरकमी मानधनाच्या काळातली. सात हजार जिंगल्स आणि एवढे सिनेमे ज्याच्या नावावर, त्याला घरातल्या वस्तू विकायची वेळ आली अशी बातमी २०१९मध्ये छापून आली, तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिले. शेवटच्या वर्षांत ते गिरीश कार्नाडांच्या 'अग्नी मत्तु मळे' या नाटकावर ऑपेरा लिहीत होते. पुन्हा तेच, मोठा वृंद, मोठे आवाज, कागदावर आधी मनात ऐकलेलं. ७ मे २०२१ला मुंबईत ते गेले. दिल्लीत त्या आठवड्यात प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रांगा लागलेल्या होत्या, बातमी कुठे आतल्या पानावर होती.

आता परिस्थिती पालटली आहे. २०१६मध्ये अजय-अतुल यांनी 'सैराट'साठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वृंद ध्वनिमुद्रित केला, आणि शिरूर-जुन्नरकडे वाढलेल्या दोन भावांचं संगीत तिथल्या वादकांनी वाजवलं. घरबसल्या लॅपटॉपवर सबंध वृंदाचे आवाज मिळतात. तरीही पोरांची अडचण १९६०च्या रीडरची होती तीच आहे. आवाज आहेत, माणसं नाहीत.

गेल्या हिवाळ्यात याचा अनुभव घेतला. गाझियाबादच्या वैशालीत राहणारा माझ्या मैत्रिणीचा मुलगा, बावीस वर्षांचा, मित्राच्या अठरा मिनिटांच्या सिनेमाला संगीत देत होता. म्हणाला, "मावशी, लॅपटॉपवर सगळं झालंय, पण खोटं वाटतंय." शिकवण्या करून साठवलेले पैसे मोडून त्याने चार वादक जमवले. दोन व्हायोलिन, एक चेलो, आणि लग्नाच्या बँडमधले एक क्लॅरिनेटवाले मास्टरजी. खरमास चालू होता, लग्नं थांबलेली, म्हणूनच ते मोकळे होते. नोएडातल्या एका तळघरात तालीम. मास्टरजींना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नव्हती, तेव्हा मुलाने त्यांचा भाग देवनागरीत सरगममध्ये, मोठ्या अक्षरांत लिहून आणला होता, सा कुठला धरायचा ते वर लाल शाईने. कुठे श्वास घ्यायचा तिथे छोटं टिंब. ती टिंबं पाहिली आणि मी माझ्या वहीत त्याचं नाव लिहून ठेवलं, तारखेसह.

पहिल्या खेपेला क्लॅरिनेटचा एक लांब सूर होता आणि त्याखालून चेलो हळूहळू उतरत जात होता. मास्टरजी मधेच थांबले. "ये नीचे वाले क्या बजा रहे हैं? मुझे अलग से सुनाओ." मुलाने बाकीच्या तिघांना खूण केली. मास्टरजी क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवून, डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर त्यांनी रीड ओठांवर ओली केली, समोरचा कागद जरा जवळ ओढला आणि म्हणाले, "हाँ बेटा. अब शुरू से."